येथे सुटे मिळणार नाही

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. पाऊस थोडा, जमीन मुरमाड आणि कमावती माणसे मुंबईला, असा त्या भागाचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब. गावात एस. टी. च्या थांब्यासमोर किराणा मालाचे एक दुकान आहे. दुकानदारकाकांच्या डोक्यामागे लहानपणापासून मी एक पाटी पाहत आले आहे : 'येथे सुटे मिळणार नाही.' पाटी अर्थातच सुट्या पैशांबद्दलची. पण मला तिची नेहमी गंमत वाटे. कारण पैसे सोडले तर त्या दुकानात सारे काही सुटेच मिळते. पाच रुपयांची चहापूड, दहा रुपयांचे गोडेतेल, एक रुपयाची शांपूची पुडी. रोजंदारी संध्याकाळी हातात पडायची आणि तिच्यातून त्या संध्याकाळपुरते घ्यायचे, अशी गिऱ्हाइके असलेल्या गावात दुकान चालवायचे तर सुटे विकण्यावाचून गत्यंतर नसते.

२०२४ सालच्या नोव्हेंबरात त्याच दुकानात मला कळले, की एक वस्तू मात्र आता सुटी मिळत नाही.

झाले असे. मला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपायला तीन दिवस उरले होते. अर्ज भरताना आधार कार्डाशी जोडलेल्या मोबाईलवर सहा आकड्यांचा एक संकेतांक येतो. आपण सारे त्याला 'ओटीपी' म्हणतो. माझे आधार कार्ड काढले तेव्हा आमच्या घरात एकच मोबाईल होता आणि तो आजीकडे असे. आई-वडील नवी मुंबईत, वडील तेथील बाजारात माथाडी कामगार. दर रविवारी त्यांचा फोन येतो, तो घेण्यापुरता हा बटणांचा मोबाईल. आजीला आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे ती आपणहून कोणाला फोन करीत नाही. हिरवे बटण दाबले की मुलाचा आवाज येतो, एवढेच तिचे दूरसंचारशास्त्र! तो क्रमांक माझ्या आधारला जोडला गेला आणि तसाच राहिला.

मी इकडे संगणकासमोर बसले. तिकडे शेजारची पाचवीतली मुलगी आजीचा फोन हातात घेऊन आकडे वाचायला सज्ज होती. पडद्यावर 'ओटीपी पाठवला आहे' अशी अक्षरे उमटली. पण आजीच्या फोनवर काहीच आले नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. मग उलगडा झाला, की रिचार्जची मुदत केव्हाच संपली होती. मुदत संपली की आधी जाणारे फोन बंद होतात आणि काही दिवसांनी येणारे फोन व निरोपही थांबतात, हे आम्हा घरच्यांच्या ध्यानातच राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गावी गेले, तर आजीचा पहिला प्रश्न, "तुझा बा तीन ऐतवार झालं बोलला न्हाई. रागावलाय का गं माझ्यावर?" वडिलांना वाटत होते, गावात रेंज नसेल. आजीला वाटत होते, मुलगा विसरला. दोघांच्या मध्ये एक रिचार्ज उभे होते.

मी दुकानात गेले. म्हटले, "काका, दहा-वीस रुपयांचे काही नाही का? नुसता मेसेज यायला हवा." काका एका बाईला दहा रुपयांचे तेल मापून देत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाई पोरी. एकशे नव्व्याण्णवच्या खाली काय न्हाई. ह्यात सुटं मिळत न्हाई."

आजीला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. त्यांतला आठव्या हिश्श्याहून थोडा जास्तच भाग तिने कनवटीचा काढून दिला. त्या बदल्यात तिला अठ्ठावीस दिवस अमर्याद बोलण्याची, दोन जीबी इंटरनेटची आणि रोज शंभर संदेश पाठवण्याची मुभा मिळाली. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला रोज शंभर संदेश! आम्हाला हवे होते सहा आकडे.

अर्ज भरला गेला, हे आधीच सांगून टाकते. मला कोणाची सहानुभूती नको आहे. मला एक प्रश्न विचारायचा आहे. जी वस्तू देशाने स्वस्त केली, म्हणून जगात आपले नाव झाले, ती वस्तू सगळ्यांत थोडी लागणाऱ्या माणसालाच महाग का पडावी?

आपल्यापैकी काही जण म्हणतील, पूर्वीचे सरकारी दिवसच बरे होते. मला तसे मुळीच वाटत नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात एक लाख टेलिफोनही नव्हते. पुढेही घरी टेलिफोन यावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून बसायचे. घाई असेल तर कितीतरी पट दर मोजून 'लाइटनिंग' कॉल लावायचा, आणि तरीही 'हॅलो, हॅलो' करण्यात निम्मा वेळ जायचा. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, तिने खेड्यांच्या धुळीत आणि उन्हात टिकतील अशी छोटी एक्स्चेंजे बनवली आणि गावोगावी एस. टी. डी. च्या पिवळ्या पाट्या लागल्या. माझ्या मते या देशातले खरे 'सुटे' टेलिफोन तेच. घरी यंत्र नको, अनामत नको. जेवढे बोलाल तेवढे पैसे द्या आणि चालू लागा.

मोबाईल आला तो मात्र श्रीमंतांच्या दारी. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून बोलून या सेवेचा प्रारंभ केला. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. कंपन्यांनी परवान्यांसाठी अशा बोली लावल्या होत्या, की ते शुल्क भरता भरता त्यांच्या नाकी नऊ आले. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठराविक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. मे २००३ पासून मोबाईलवर आलेला फोन घेणे फुकट झाले; पैसे द्यायचे ते फक्त करणाऱ्याने. हा बदल कागदावर लहान दिसतो. पण ज्या दिवशी 'घेणे फुकट' झाले, त्या दिवशी आमच्या आजीसारखी बाई मोबाईलची ग्राहक होऊ शकली.

त्यानंतरची काही वर्षे हा बाजार किराणा दुकानासारखा चालला. दहा रुपयांचे रिचार्ज आले. एकदा पैसे भरले की क्रमांक 'आजन्म' चालू, अशा योजना आल्या. २००९ साली एका नव्या कंपनीने मिनिटाऐवजी सेकंदाला एक पैसा असा दर लावला आणि बाकीच्यांना तिच्या मागे जावे लागले. आणि ज्यांच्याजवळ तेवढाही पैसा नव्हता त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली, ती म्हणजे 'मिस्ड कॉल'. एकदा वाजवला की 'पोचलो', दोनदा वाजवला की 'तू फोन कर'. फुकटात निरोप पोचवण्याची ही कला कोणत्याही शाळेत न शिकता देशाने आत्मसात केली. सुटे विकल्यामुळे कंपन्या बुडाल्या नाहीत. उलट एवढा प्रचंड बाजार उभा राहिला तो या सुट्या गिऱ्हाइकांच्याच बळावर.

मग स्पर्धा आटली. २०१० च्या सुमारास एकेका परिमंडळात दहा-बारा कंपन्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालचे १२२ परवाने, वाटपाची रीत मनमानी व बेकायदा ठरवून रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ' आली आणि तिने काही महिने सारे फुकटच दिले. ज्या एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये पडत होते, ती वस्तू पाण्याच्या भावाने मिळू लागली. आपण सारे त्या पुरात आनंदाने न्हालो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या पिढीने अभ्यासाची व्याख्याने आणि सिनेमे त्याच पुरात पाहिले. पण पुरात लहान होड्या टिकत नाहीत. कोणी दिवाळे काढले, कोणी दुसऱ्यात विलीन झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, आणि मैदानात तीन खाजगी कंपन्या व सरकारी बी. एस. एन. एल. एवढेच उरले. आज दर शंभर मोबाईल जोडण्यांपैकी सत्तराहून अधिक दोनच कंपन्यांकडे आहेत.

याच २०१८ च्या अखेरीला मोठ्या कंपन्यांनी 'किमान रिचार्ज' नावाची नवी गोष्ट आणली. येणारे फोन चालू ठेवायचे तरी दर अठ्ठावीस दिवसांनी निदान पस्तीस रुपये भरा. पुढे दर वाढत गेले, २०१९ च्या डिसेंबरात, २०२१ च्या नोव्हेंबरात, २०२४ च्या जुलैत. पस्तीसचे एकशे नव्व्याण्णव झाले. आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा का, याचा हिशेब आमच्या वर्गातल्या कोणालाही करता येईल : अठ्ठावीसने तेरा वेळा गुणले की तीनशे चौसष्ट होतात. वर्षाचे बारा महिने पंचांगात असतील, रिचार्जचे तेरा असतात! २०२२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे 'ट्राय'ला, निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असा आदेश काढावा लागला. शिवाय या सगळ्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे; तो आजीही देते आणि बंगल्यातला साहेबही देतो.

मी हा सगळा राग आमच्या अर्थशास्त्राच्या सरांपुढे काढला. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मनोरा उभारायला लागणारा खर्च तुझी आजी बोलली तरी होतो आणि न बोलली तरी होतो. लहरींसाठी लिलावात हजारो कोटी मोजलेले असतात. तो खर्च कोणी भरायचा?" पुढे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. पूर्वी एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलला, की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे देत असे. हा दर एके काळी चौदा पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून सहा पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे नुसते फोन घेणारी आजी पूर्वी कंपनीला थोडेबहुत कमावून देत होती. आता ती कंपनीच्या वहीत निव्वळ खर्चाच्या बाजूला आहे.

सरांचे म्हणणे मला पटले. पण अर्धेच. खर्च आहे हे खरे. तो वसूल करण्याचा हा एकच मार्ग आहे हे खरे नाही. आपल्या घरी विजेचे बिल येते. त्यात एक 'स्थिर आकार' असतो आणि एक 'वीज आकार' असतो. तारा, खांब आणि डी. पी. यांचा खर्च स्थिर आकारात. आणि मग जेवढे युनिट जाळाल तेवढ्यांचे पैसे. एक दिवा लावणाऱ्याला वीज कंपनी असे म्हणत नाही, की किमान एक वातानुकूलन यंत्राची वीज घ्या, नाहीतर तुमचा दिवाही विझवतो. मोबाईलच्या बाजारात नेमके हेच म्हटले जाते. आणि लहरींचे म्हणाल, तर त्या कोणत्याही कंपनीच्या मालकीच्या नाहीत. त्या देशाच्या आहेत, म्हणजे काही अंशी आजीच्याही आहेत.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. एखादी वस्तू नको असेल तर घेऊ नये, हा बाजाराचा पहिला नियम. सिनेमाचे तिकीट परवडत नसेल तर मनुष्य सिनेमाला जात नाही. पण मोबाईल आता घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्नच उरलेला नाही. शिष्यवृत्ती, बँक, गॅस, प्रवेश, परीक्षेचा अर्ज, सगळीकडे सहा आकडे मागितले जातात, आणि ते मागणाऱ्यांत सर्वांत पुढे सरकार आहे. जी वस्तू सरकार नागरिकाकडे मागते, ती वस्तू बाजारात सुटी मिळते की नाही, हे पाहणे सरकारचेच काम नव्हे काय? २०२४ सालच्या ट्रायच्या आकड्यांप्रमाणे शहरांत शंभर माणसांमागे सव्वाशेच्या वर जोडण्या आहेत आणि ग्रामीण भागात साठाच्याही आत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. घरात रिचार्ज एकाचेच करणे शक्य असेल तर ते कोणाचे होते आणि कोणाचे राहते, हे वर्गातल्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने एक चांगला आदेश काढला : ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसते बोलणे आणि संदेश यांची वेगळी योजना प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये तशा योजना आल्याही. मी मोठ्या आशेने पाहिले. त्या चौऱ्याऐंशी दिवसांच्या होत्या आणि किंमत साडेचारशेच्या आसपास. नाहीतर सबंध वर्षाची, सतराशे-अठराशे रुपयांच्या पुढची. म्हणजे कमी वस्तू हवी असेल तर एकदम जास्त दिवसांची घ्या! ज्याच्या हातात महिन्याचे पैसे महिन्याला येतात, त्याला ही सवलत म्हणजे पोत्याने घेतले तर तांदूळ स्वस्त पडतील, असे सांगण्यासारखे आहे. पोते स्वस्त पडते हे गरिबाला कळत नाही असे नाही. त्याच्याजवळ पोत्याचे पैसे नसतात.

मग काय व्हावे? माझे म्हणणे फार मोठे नाही. येणारे फोन आणि येणारे निरोप वर्षभर चालू राहतील अशी एक 'स्थिर आकारा'ची योजना असावी, दिवसाला रुपयाच्या आसपास. आणि त्यापुढे जो बोलेल त्याने बोलण्याचे द्यावे. हे दान नव्हे. त्यासाठी निधीही आहे. कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के वर्गणी घेऊन खेड्यांत सेवा पोचवण्यासाठी २००२ पासून एक सार्वत्रिक सेवा निधी चालत आला आहे; २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. मनोरा खेड्यात पोचला आणि आवाज घरात पोचला नाही, तर त्या निधीचे काम निम्मेच झाले. बाजारपेठेचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेतसुद्धा गरीब घरांचा टेलिफोन तुटू नये म्हणून १९८५ पासून 'लाइफलाइन' नावाची सवलत आहे. आणि आपल्याकडे अजून एक सरकारी कंपनी उभी आहे. जुलै २०२४ ची दरवाढ झाल्यावर लाखो ग्राहक तिच्याकडे धावले, ते काही तिच्या सेवेच्या प्रेमाने नव्हे. त्यांना कोठेतरी सुटे हवे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची देशी बनावटीची फोर-जी सेवा देशभर सुरू झाली. तिने दोन बड्यांशी वेगाची शर्यत लावण्यापेक्षा किराणा दुकान व्हावे, असे मला वाटते.

पण सरकारला आणि कंपन्यांना बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या महाविद्यालयाचेच पाहा. परीक्षेचे वेळापत्रक, फी भरण्याची शेवटची तारीख, सहलीची सूचना, सारे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येते. सूचनाफलकाची काच स्वच्छ आहे, आत गेल्या वर्षीचा कागद आहे. ज्याचे रिचार्ज संपले त्याची परीक्षा संपली! प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक सूचना फलकावरही लागावी. त्याला दमडी लागत नाही.

आणि आपण विद्यार्थी? वसतिगृहात रोज रात्री साडेअकराला एक घाई सुरू होते. रोजचे दीड जीबी बारा वाजता रद्द होते, म्हणून उरलेले 'संपवून टाकायचे'. मीही त्या घाईत असते. नको असलेले काहीतरी पाहत बसते, का, तर पैसे भरले आहेत. आजीला नको असलेले विकत घ्यावे लागते आणि मला नको असलेले संपवावे लागते. दोघींचा दुकानदार एकच. फरक इतकाच, की मला तो स्वस्त वाटतो.

त्या नोव्हेंबरातल्या रविवारी मी गावीच थांबले होते. संध्याकाळी आजीचा फोन वाजला. तिने हिरवे बटण दाबले, कानाला लावला आणि काही वेळ नुसतीच ऐकत राहिली. मग म्हणाली, "व्हय रं, हाय मी. फून मुका झाला हुता." वडिलांचे आणि तिचे बोलणे चार मिनिटांचे झाले. महिन्याकाठी असे चार-पाच फोन, वीस मिनिटे. एवढीच तिची गरज आहे, आणि एवढेच या बाजारात कोणी विकत नाही.